झरीच्या पाहुण्यांचे जोडे

रानशेत,
९ जुलै २०२४

ती. जमनाताईस,
उमेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घरी फोन स्पीकरवर लावून सगळेच ऐकतात, म्हणून लिहितो. रविवारी योगिता व तिचे रामनाथकाका सोयरीक पक्की करण्याआधी झरीहून आमचे घर बघायला येणार, याचा आनंद आहे. काळजी एकच. बेडकांची तपासणी करणाऱ्या मॅडमकडे मी कामाला आहे, हे तू जाणतेस. तुमच्या झरीच्या तळ्यातले बेडूक पोटावर लाल डाग पडून मरत आहेत. तो विषाणूचा रोग आहे. माणसाला होत नाही, पण ओल्या चिखलाबरोबर दुसऱ्या तळ्यात पोहोचतो. आमच्या अंगणामागचे तळे अजून निरोगी आहे. तरी पाहुण्यांना जोडे धुऊन, वाळवून यायला सांग. सांगायला लाज वाटली तर राहू दे, मी इथे बघून घेईन.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
उमेश

झरी,
१६ जुलै २०२४

चि. उमेशला जमनाताईचे अनेक आशीर्वाद.

तू काय बघून घेतलेस ते अख्ख्या झरीला कळले! पाहुणे चहा पीत असताना त्यांचे जोडे उचलून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवतात का रे, शहाण्या? काकांच्या नव्या काळ्या जोड्यांवर पांढरे ठिपके उठले. ते म्हणाले, लग्नात जोडे मुलीकडच्यांनी पळवायचे असतात, हा तर नवराच पळवतो! सोयरीक मोडायलाच निघाले होते.

योगिता आडवी आली. तू बादलीपाशी असताना तिने तुझी वही वाचली होती म्हणे, तीच काकांना ऐकवली. बारा बेडकांची नोंद, एकापुढे ‘आज उदास वाटला’. आणि खाली, ‘योगिता. डोळे स्वच्छ. चपळ. जवळ गेलो नाही.’ हे ऐकून काकासुद्धा हसून लोळले. तिचा होकार आहे. अट एकच, लग्नानंतर तिची नोंद ठेवायची नाही.

रागावलेली, पण तुझीच,
जमनाताई

रानशेत,
१९ जुलै २०२४

ती. जमनाताईस,
शि. सा. न.

पत्र तीनदा वाचले. काकांच्या पायाचे माप पाठव, डहाणूहून नवे जोडे आणतो. योगिताला कळव, अट मान्य आहे. नोंद ठेवणार नाही. फक्त ताप आला, तर तारीख तेवढी लिहावी लागेल.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. योगिताला यातले काय लिहितात ते मला माहीत नाही, तेवढे तूच जुळवून घे.

तुझा,
उमेश