जॅमचा म्हणजे नकार

अण्णा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्नाआधी आपण एकाच घरात होतो आणि लग्नानंतर खडकी ते विश्रांतवाडी एवढंच अंतर होतं, त्यामुळे जे काय असेल ते समोर येऊन बोलता आलं असतं. बोलले नाही, कारण तुमच्यासमोर बोलायची आपल्या घरात एकच पद्धत होती आणि ती तुम्ही ठरवली होती. आता माझे गुडघे गेलेत, दुपारभर वाचत बसते. पुस्तकांतले म्हातारे बाप शेवटी मुलीचा हात हातात घेऊन रडतात. तुम्ही रडला नाहीत. शेवटच्या आजारपणातही चहा गार झाला म्हणून कपबशी आईच्या अंगावर फेकलीत, आणि नेम बरोबर लागला. ही तक्रार नाही. तुमच्याशी बोलायचं तर खरं तेच बोलावं लागेल, एवढंच.

तुम्हाला लोकशाहीचं फार कौतुक होतं. युनियनच्या सभेत तुम्ही फॅक्टरीच्या गेटवर भाषणं करायचात, हात वर करायला लावून ठराव मंजूर करून घ्यायचात, आणि क्वार्टर्समधल्या पुरुषांना ऐकवायचात की तुम्ही लोक बायकांना न विचारता कपाटं आणता, आमच्याकडे मतदान होतं. ते खरंच होतं. घरात मोठं काही घ्यायचं असलं की शनिवारी अर्ध्या दिवसाचा भोंगा झाल्यावर तुम्ही खडकी बाजारातल्या इराण्याच्या बेकरीतून डोनट आणायचात. लष्करातल्या साहेबलोकांसाठी तो ते करायचा. दोनच प्रकार, एक वरून साखर लावलेला आणि एक पोटात लाल जॅम भरलेला. तीन साखरेचे, तीन जॅमचे. वर्तमानपत्राचा पुडा सोडून तुम्ही ते ताटात मांडायचात आणि काय घ्यायचं आहे ते उभं राहून सांगायचात. साखरेचा उचलला म्हणजे होकार, जॅमचा म्हणजे नकार. सहाच्या सहा आणायचे, कारण उद्या कुणी म्हणायला नको की नकाराची सोयच नव्हती. मतदान झालं की उरलेले जॅमचे तिन्ही तुम्ही खायचात. तुम्हाला जॅमचेच आवडायचे. आईलाही तेच आवडायचे. पुड्याचा कागद उचलताना त्याला लागलेला जॅम ती बोटाने पुसून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून ते बोट चाटायची. तुमचं तिकडे कधी लक्ष गेलं की नाही, मला माहीत नाही.

रेडिओच्या वेळी मी पहिलीत होते. मला लाल दिसलं म्हणून मी जॅमचा उचलला. तुमचा हात कानाखाली बसला तेव्हा मला आधी वाटलं, फॅक्टरीत काहीतरी फुटलं. दारूगोळ्याच्या फॅक्टरीशेजारी वाढलेल्या पोरीला पहिला विचार तोच यायचा. आई म्हणाली, "लहान आहे हो, तिला काय कळतंय?" तुम्ही म्हणालात, "कळत नाही म्हणूनच शिकवतोय." मग माझ्या हातातला डोनट काढून ताटात ठेवलात, ताट माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, "फेरमतदान." माझ्या नाकातून रक्त येत होतं, ते साखरेवर पडत होतं, आणि मी तो सगळा खाल्ला. रेडिओ आला. शेजारच्या बायका ऐकायला दारात उभ्या राहायच्या आणि आईला म्हणायच्या, नशीबवान आहात, तुमचे हे विचारतात तरी. आई हसायची. त्यानंतर लोखंडी कपाट आलं, पलंग आला, टेबलफॅन आला, सगळे ठराव एकमताने. आम्ही दोघी साखरेचा उचलायला इतक्या सरावलो होतो की मला पुढे पुढे साखरेचाच आवडतो असं वाटायला लागलं.

स्कूटरचा नंबर तुम्ही लावला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्या काळी स्कूटर पैसे दिले की मिळत नसे, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि नंबर आला की लोक पेढे वाटत. तुमचा आला तेव्हा मी नववीत होते. तुम्ही बाजारातून आलात ते शीळ घालत. पैसे थोडे कमी पडत होते, त्यासाठी आईचं शिलाई मशीन विकायचं तुम्ही मनात धरलं होतं. ते मशीन तिने लग्नाआधी हाताने ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं आणि माहेरून येताना बैलगाडीत मांडीशी धरून आणलं होतं, असं ती सांगायची. क्वार्टर्समधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. तुम्ही कामावर गेलात की मशीन सुरू व्हायचं आणि भोंग्याच्या आधी थांबायचं. त्या तेवढ्या वेळात ती गाणं म्हणायची. आपल्या घरात ती गायची हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

तर तो शनिवार. ताट मांडलेलं आहे. तुम्ही उभे राहून सांगता की स्कूटर घ्यायची, मशीन विकायचं, ज्यांना मान्य असेल त्यांनी घ्यावा. तुम्ही स्वतः साखरेचा उचलता. आई पदराला हात पुसते, पुढे येते आणि जॅमचा उचलते. उचलून तशीच उभी राहत नाही, खायला लागते. घाई नाही, घास घास करून, शेवटी बोटंसुद्धा चाटते, आमच्या दोघांच्या समोर. तुम्ही तिला पूर्ण खाऊ देता. मग अगदी हळू आवाजात विचारता, "नजरचूक झाली का?"

"नाही," आई म्हणाली. "मला जॅमचाच आवडतो. आणि मशीन मी विकणार नाही."

पहिल्या थपडेत ती ओट्यावर जाऊन आपटली. दुसरी तुम्ही मारली नाहीत, तिच्या केसांना धरून तिला मशीनपाशी नेलंत. तिचा उजवा हात मशीनच्या पत्र्यावर दाबून धरलात आणि दुसऱ्या हाताने ते लाकडी झाकण उचललंत. ते किती जड असतं ते मला ठाऊक होतं, रोज संध्याकाळी मीच घालायची. तुम्ही ते त्या बोटांवर घातलंत. मग पुन्हा उचललंत आणि पुन्हा घातलंत. आई ओरडली नाही, तिच्या तोंडून श्वास बाहेर पडल्यासारखा आवाज आला फक्त. ओली काटकी पायाखाली येते तसा आवाज बोटांचा आला. झाकणाचा एक कोपरा फुटला. तुम्ही झाकण नीट बाजूला ठेवलंत, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्यात आणि माझ्याकडे वळलात. "तुझं मत राहिलं," म्हणालात. मी साखरेचा उचलला. तुम्ही म्हणालात, "दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर." त्याबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही, मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मग तुम्ही बसून जॅमचे खाल्लेत. त्या वेळी दोनच उरले होते.

दवाखान्यात आईने पायरीवरून पडले असं सांगितलं. डॉक्टरने एकदा तुमच्याकडे पाहिलं आणि प्लास्टर घातलं. दोन बोटं वाकडी बसली, त्यांत सुई धरता येईना, की कणीक मळता येईना. तुम्ही म्हणालात, आता मशीनचं तसंही काय काम? आणि ते गेलं. घरातलं सगळं माझ्यावर आलं, माझी शाळा नववीतच सुटली. पुढचं जे काही वाचलं ते लायब्ररीची पुस्तकं परातीला टेकवून, पोळ्या लाटता लाटता. स्कूटर आली, आकाशी रंगाची. तुम्ही हार घातलात, नारळ फोडलात, आणि आईला म्हणालात, बस. ती म्हणाली, मला वारं सोसत नाही. रस्त्यावर लोक होते म्हणून तुम्ही हसलात. घरी आल्यावर पट्टा काढलात. दुसऱ्या दिवशीही ती बसली नाही. लग्नाकार्याला तुम्ही स्कूटरवर पुढे जायचात आणि ती बसने मागून यायची, घामाघूम, आणि कुणी विचारलं तर तेच, मला वारं सोसत नाही. तुम्ही किती वेळा मारलंत, अण्णा, त्या एका गोष्टीसाठी. मागच्या सीटचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत निघालं नाही. मत तिने एकदाच दिलं, पण तुम्ही असेपर्यंत ते मागे घेतलं नाही. तुम्ही गेलात त्याच महिन्यात तिने स्कूटर भंगारवाल्याला देऊन टाकली, चालू गाडी. भंगारवालाच म्हणाला, आजी, चांगली चालती हाय की. ती म्हणाली, माहीत आहे.

पुढे ती आमच्याकडे विश्रांतवाडीला राहायला आली. एकदा मी तिला विचारलं होतं की आणू का गं जॅमचा डोनट, आता कोण अडवतंय? ती म्हणाली, "नको बाई. चव आठवतच नाही, आवाज तेवढा आठवतो."

तुमच्या जावयांबद्दलही लिहायला हवं, कारण तुम्ही त्यांना बुळा म्हणायचात. ते पोस्टात होते, तुम्हाला माहीत आहेच. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणाले, मी काहीच म्हणत नाहीये, विचारतोय. मी पुन्हा तेच. असं खूप दिवस चाललं. मग त्यांनी नियम केला की मी त्या वस्तूत एक तरी खोट काढल्याशिवाय ती घरात येणार नाही. दुकानात उभी राहून मी घामाने भिजले होते, शेवटी कसंबसं म्हटलं की ह्याचं दार उलट्या बाजूला उघडतं. ते दुकानदाराला म्हणाले, "ऐकलंत? आमच्या विरोधी पक्षनेत्या बोलल्या. दुसरा दाखवा." ह्या फ्लॅटच्या वेळी मी इतक्या खोटी काढल्या की बिल्डर म्हणाला, वहिनी, मग घेताय कशाला? पण घेतला, दोघांनी मिळून. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. अजूनही दुकानात काही हातात घेतलं की मी खोट काढते आणि ऐकायला कुणी आहे का म्हणून शेजारी बघते. रडू येत नाही आता. शेजार रिकामा असतो तेवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या रविवारी तुमच्या नातवाने डोनटचा खोका आणला. हल्ली त्यांचे नाना प्रकार असतात, वर रंगीत काय काय. त्याला तुमचं मतदान माहीत नाही, मी कधी सांगितलेलं नाही. खोका त्याने टेबलावर ठेवला, आणि सूनबाईला म्हणाला की मोठी गाडी बुक केलीय, हप्ते तुझ्या पगारातून जातील, बोल, कुठला रंग? ती म्हणाली, "आधी बुक केलीस आणि मग विचारतोयस? मला गाडी नकोय. पार्किंगपण नाहीये आपल्याला." तो हसत होता. ती म्हणाली, "नको म्हणजे नको, माझ्या पगाराचं मी ठरवीन." तेव्हा त्याने टेबलावरचा तिचा हात मनगटाशी धरला आणि पिळला. हसणं तसंच होतं. "विचारतोय तरी ना?" म्हणाला. "आपल्या सोसायटीत कोण विचारतं बायकोला?" तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

माझे गुडघे कसे उठले कोण जाणे. मी त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीचा माणूस, कामावर हाताखाली पन्नास लोक. मी त्याला लहानपणी कधी बोट लावलं नव्हतं, ती माझी शपथ होती. त्याने तिचा हात सोडला. चष्मा खाली पडला. तो माझ्याकडे बघून "आई?" म्हणाला, लहान असताना म्हणायचा तसं. आणि मी दुसरी मारली. पहिलीपेक्षा जोरात, पूर्ण हात मागे नेऊन. माझी अंगठी लागून त्याचा ओठ फुटला.

तो त्याच दिवशी गाडी रद्द करून आला. सूनबाई चार दिवस माहेरी जाते म्हणाली. मी तिला म्हटलं, जा, आणि परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी काही विचारणार नाही. बॅग भरताना मी तिच्या मनगटाला हळद लावायला गेले तर तिने हात मागे घेतला. मग दारात चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एक पुरे होती."

खरं आहे. पहिली तिचा हात सुटावा म्हणून होती. तिला मी म्हटलं, अगं, रागात भान राहिलं नाही. पण भान होतं, अण्णा. हात सुटलेला मला दिसला होता. दुसरी मारताना मला बरं वाटलं, उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं, आणि तिसरीसाठी हात वर गेला होता. हे कुणाला सांगणार? आईला सांगता आलं नसतं, ह्यांना तर नाहीच. तुम्हाला पाठवायची सोय नाही म्हणूनच लिहू शकले. कागद फाडून टाकीन. पण ते बरं वाटणं तुम्हाला कळलं असतं, आणि ह्या जगात एवढी एकच गोष्ट आहे जी फक्त तुम्हाला कळली असती.