होडीच्या दोरीचा वळ

बाबा,

शाळेत एका जागी बसत नसे म्हणून तुम्ही मला होडीला बांधून ओल्या दोरीने फोडून काढायचात. गेल्या महिन्यात मी माझ्या पोरीला, संचिताला, तसंच बांधलं आणि दोरी उगारली. तिच्या शाळेतल्या बाई आडव्या आल्या आणि दोरी त्यांच्या गालावर बसली. रक्त पुसत, पोरीला जवळ घेत त्या म्हणाल्या, "चेडू मुद्दाम करना नाय. डॉक्टराक दाखवया."

कुडाळच्या डॉक्टरांनी विचारलं, काम अर्धवट टाकते? वस्तू हरवते? पाय सारखे हलतात? बायको माझ्या हलणाऱ्या पायांकडेच बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, हा पोरीचा माज नव्हे, मेंदूची ठेवणच तशी आहे. बाई आता तिला उभ्यानेच शिकवतात.

चतुर्थीला याल तेव्हा पोरीवर हात उचललात तर तो मोडीन. इथवर लिहून चार दिवस झाले, पत्र खिशातच आहे, टपालपेटीत टाकवत नाही. आज एवढंच जोडतो.

मीपण मुद्दाम करत नव्हतो, बाबा.

तुमचाच,
सहदेव