निरोगी माणसाचा नमुना

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तुझा पारा चढला असेल. चढू दे, पण वाच. इकडे सगळं ठीक. लॅबमध्ये नवं मशीन आलंय, साहेब मात्र तेच आहेत.

परवा संधिवाताच्या तपासणीचा नवा किट आला. आपल्याच सांध्यांवर उठणाऱ्या अँटीबॉडी रक्तात आहेत का, ते त्यातून कळतं. नवा किट आला की निरोगी माणसाचा नमुना म्हणून आम्ही आपलंच रक्त लावतो. माझं लावलं, तर पॉझिटिव्ह! मी कंपनीच्या माणसाला फोनवर झाप झाप झापलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलवरच्या बाईंकडून लावून घेतलं. तेच.

माझं काहीच दुखत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी ह्या अँटीबॉडी रक्तात दिसू शकतात. दुखणं येईलच असंही नाही. घरात कुणाला आहे?"

मी "नाही" म्हटलं. जिन्यापर्यंत गेले आणि परत आत आले. म्हटलं, "मोठ्या बहिणीला."

ताई, पाच वर्षांपूर्वी तुझं रक्त मीच तपासलं होतं. एकच तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. ही दुसरीही करायला हवी होती, तिचा जुना किट तेव्हाही लॅबमध्ये होता. मला माहीत होतं. मी केली नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाबांना उचलून बसवायची पाळी तुझी असायची आणि तुझी मूठ मिटत नव्हती. मी दमले होते गं, मला ते तुझं सोंगच ठरवायचं होतं. सगळ्यांसमोर तपासणीचा कागद नाचवून म्हणाले, "रक्तात काही नाही, अंगात आळस आहे." त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस, आणि चेन ओढता येईना म्हणून मला हाक मारलीस. मी ती लावून दिली.

मावशी सांगते, त्या कागदानंतर तू कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाहीस. मला माझीच चीड येते. आता ऐक. उरलेले सांधे औषधाने वाचवता येतात. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे दोघींची वेळ घेतली आहे, आधी तुझी. रविवारी सकाळी मी येतेय. शिव्या दे, बोलू नकोस, पण चल.

माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही. काका, मावशी, दादा, त्या दिवशी खोलीत होते त्या प्रत्येकाला आज पत्र टाकलं. त्यात एवढंच लिहिलंय: ताईचे हात खरंच दुखत होते, तपासणी मी अर्धवट केली होती. खाली पूर्ण सही केली आहे.

तुझी,
खोटी ठरलेली धाकटी