जुन्या गिऱ्हाइकाचा भाव

मी नसले तर माझ्या वडिलांना तेलाचा खरा भाव कोणी सांगायचा? हे लिहायला घेतलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. तरीही मी, सीटवाल्यांची थोरली मुलगी, वय चोवीस, घरातली पहिली पदवीधर, छापखान्याच्या बिल विभागात नोकरीला, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मंगळवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. आई म्हणते, "मग हे अभद्र कशाला लिहीत बसलीस?" मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून.

कलम १. घर भाड्याचं आहे, ते कोणाला देता येत नाही. घरमालक भाडं वाढवणार आहेत. त्यांच्याशी बोलायचं काम धाकट्या भावाकडे. तो लाजाळू आहे, पण उंच आहे. दारात नुसता उभा राहिला तरी पुष्कळ.

कलम २. बँकेतली मुदत ठेव आईला. एकच अट: महिनाअखेरीला "मला आज भूक नाही" असं म्हणायचं नाही. आम्हाला कळतं.

कलम ३. फोन भावाला. वीज, गॅस, फी, सगळं त्यावरूनच भरलं जातं. काल त्याला ते शिकवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, दर महिन्याला एवढे जातात?" तेव्हापासून त्याने बुटांचा विषय काढलेला नाही. बूट घ्यावेत. पैसे आईकडे दिले आहेत.

कलम ४. "पोरीला शिकवून काय दिवे लावणार? शेवटी भांडीच घासायची," असं म्हणणाऱ्या आत्याला माझा पदवीचा फोटो, फ्रेमसकट. भिंतीवर लावायची सक्ती नाही. परत मात्र घेतला जाणार नाही.

कलम ५. कापलं आहे. का कापलं ते लिहिते, नाहीतर भाऊ म्हणेल ताईचं डोकं फिरलं होतं.

बाबा बाहेरच्या खोलीत गाड्यांच्या सीटा शिवतात. गुडघ्यांमुळे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे जात नाहीत. मला नोकरी लागली त्याच सुमारास तेलाचे भाव भडकले आणि एके दिवशी ते रिकामाच डबा घेऊन परत आले. "माझ्या कमाईत आता घर चालत नाही," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला ते बघवेना. मी दुकानदारांना गाठलं. "काका, बाबांना जुनाच भाव सांगा. वरचे पैसे पगार झाला की मी देत जाईन." ते म्हणाले, "तू सांगतेस म्हणून हो. पण हे काही खरं नाही, पोरी."

बाबांना त्यांनी सांगितलं, जुन्या गिऱ्हाइकाला जुना भाव. बाबा छाती फुगवून घरी आले. "बघ, माणुसकी अजून शिल्लक आहे."

माझ्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम दुकानदारांकडे ठेवावी आणि बाबांना जुनाच भाव चालू राहावा, असं कलम ५ मध्ये होतं.

शुक्रवारी रिपोर्ट घेऊन लवकर घरी आले, तर बाहेरच्या खोलीत एक भारी मोटरसायकलवाला पैसे देत होता. "सीटवाले, बाजारात याचे तिप्पट घेतात."

"घेऊ देत," बाबा म्हणाले. "मला किराणा जुन्या भावाने मिळतो. मग मी तुम्हाला कुठल्या तोंडाने वाढवून सांगू?"

बाहेर पडल्यावर तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "इकडेच आण रे. म्हातारा जवळजवळ फुकटात करतो."

मी पायरीवरच उभी राहिले. तेलात मी जे भरत होते, ते बाबा सीटांतून वाटत होते. माझ्याच पैशांनी मी त्यांची मजुरी गोठवून ठेवली होती. परीक्षेत महागाईवर मी पानंच्या पानं लिहिली होती. अर्थशास्त्र घरात घडत होतं आणि मला दिसलं नाही.

हे मी मेल्यावर कागदातून कळण्यासारखं नाही. म्हणून आज सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं.

बाबांची सुई रेक्झिनमध्येच राहिली. "कधीपासून?"

"नोकरी लागल्यापासून."

मग एकदम उसळले, "आणि त्या लबाडाच्या स्कूटरची सीट मी दोनदा फुकट शिवली! उपकार फेडतोय म्हणून!"

मी हसले. ते हसले नाहीत. आई मध्ये पडली, "अहो, पोरीचं ऑपरेशन आहे, निदान..." तर म्हणाले, "ऑपरेशन तिचं आहे. कापलं मला."

त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. मी हे लिहिते आहे आणि दर दोन ओळींनी कान तिकडे जातो. आत्ताच एक गिऱ्हाईक आलं. बाबांनी भाव सांगितला, खूप हळू, पण नवा. गिऱ्हाईक थांबलं की गेलं, इथून कळत नाही.

मी उठून बघणार नाही. दुकानदारांकडचा वरच्या पैशांचा हिशेब मी सकाळीच चुकता केला आहे. उद्यापासून बाबांना तेल सगळ्यांच्या भावाने मिळेल, असं त्यांना बजावून आले आहे.

सही: सीटवाल्यांची थोरली

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार (सही करायला मागच्या दाराने आले)
२. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई

ठिकाण: आमची आतली खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार