तांब्यावर हात ठेवून

३१ मे, शनिवार

सकाळची शिफ्ट. एअरपोर्टवर सँडविचेस गुंडाळतेय, तेवढ्यात पेनीचा मेसेज: 'सायली डिअर, मे आय हॅव माय टी नाऊ?' काउंटरखाली बसून हसले. मॅनेजर म्हणाला काय झालं. म्हटलं शिंक.

पेनी म्हणजे मेघाताईची होणारी सासू. लेडी पेनी. मी तिला सांगून ठेवलंय की लग्नाच्या आधी महिनाभर वरमाईने करवलीला विचारल्याशिवाय चहा प्यायचा नसतो. करवली अर्थात मी. बाई इमानदारीत रोज विचारते. परवा मी रिप्लाय द्यायला विसरले तर प्यायलीच नाही, नंतर कळलं. जरा वाईट वाटलं. जरा.

आईला कळलं तर लाटणं.

मेघाताई माझ्या खोलीत, माझ्या बेडवर. मी खाली गादीवर. न्यू जर्सीत तिच्या एकटीची बाथरूम आमच्या लंडनमधल्या, हाउन्सलोच्या किचनएवढी आहे, आणि इथे बया टॉवेल घेऊन रांगेत उभी असते. तेही गाणं म्हणत. मावशी गेल्यापासून तिला आई म्हणजे माझीच आई, म्हणून लग्न आमच्या घरून. एवढी खूश माणसं मला बघवत नाहीत. पण ताईला बघवतं.

३ जून, मंगळवार

काकांचा फोन, स्पीकरवर. काका म्हणजे ताईचे बाबा. त्यांची कोल्ड स्टोरेजेस आहेत, अर्ध्या अमेरिकेचे मटार त्यांच्याकडे गारठतात.

"सायली, लग्नानंतर तिला लेडी मेघना म्हणायचं हं!"

"काका, ती अजून माझी लिपस्टिक न विचारता घेते. लेडी कसली?"

उशी आली. नेम चांगला आहे तिचा.

ताईच्या नवरदेवाचे, ह्यूगोचे वडील गेले, म्हणून ह्यूगोच आता लॉर्ड. स्वेटरला कोपरावर भोक. त्याच्या घराचं छप्पर काका नवीन करून देणार आहेत, आहेर म्हणून. आई फोन ठेवल्यावर म्हणाली, "आमच्या लग्नात चार मिक्सर आले होते. यांना छप्पर."

७ जून, शनिवार

विल्टशरला ह्यूगोच्या घरी. आई, ताई, मी. मराठीत लिहितेय ते बरंय, इथे कुणी वही उचलली तरी

नीट लिहिते. पहिल्यापासून.

घराला बाहेरून बांबू नाही, लोखंडी परांची बांधलीय. आत जिन्यावर बादल्या. भिंतीवर सगळे पूर्वज. त्यात ह्यूगोची पणजी, शिकागोची, बापाचा डुकराच्या मांसाचा मोठा धंदा. ओल येऊन तिच्या चेहऱ्यावरून डाग उतरलाय. आई माझ्या कानात, "हिचं नाक गळतंय बघ." पेनी म्हणाली, "शी गेव्ह अस द ईस्ट विंग." मी नाव विचारलं तर पेनीला पटकन आठवेना. ताई तोवर पुढे गेली होती. ह्यूगो नव्हता गेला. तो खाली बघत होता.

मग मी माझा उद्योग केला. आईने कलशासाठी तांब्या आणलेला. त्यात पाणी भरलं, वर आईच्या शुगरसाठीचा कारल्याचा रस घातला, आणि ह्यूगोला बूट नि कुत्रे ठेवायच्या खोलीत नेलं. म्हटलं, आमच्यात पद्धत आहे. वराने भरल्या तांब्यावर हात ठेवायचा, करवली विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, मग ते पाणी प्यायचं. जे तांब्यात ते तांब्यात, कुणाला सांगायचं नाही. खोटं बोललास तर पाणी कडू लागतं.

मला फक्त त्याच्या तोंडाचा फोटो हवा होता.

त्याने आधी हात धुतले. तेव्हाच थांबायला हवं होतं मी.

विचारलं, शाळेत चड्डीत शू केली होतीस? "हो." तुझ्या आईचा कुत्रा आवडतो? "अजिबात नाही." हसलो दोघं. मग म्हटलं, माझ्या ताईवर प्रेम आहे? याचं उत्तर ठरलेलं असतं ना. हो म्हण आणि पी.

तांब्यावरचा हात तसाच.

"मला ती खूप आवडते."

"ते नाही विचारलं."

"नाही," म्हणाला. "व्हावं म्हणून वाट बघतोय. अजून नाही झालं."

मी गप्प बसायचं ना! तर मी विचारलं, छप्पर गळत नसतं तर तिला विचारलं असतंस का लग्नाचं?

"नाही."

आणि तांब्या उचलून प्यायला. सगळा. चेहरा वाकडा झाला, डोळ्यात पाणी. म्हणाला, "पण सायली, मी खोटं नाही बोललो."

फोटो नाही काढला.

८ जून, रविवार

काल येताना एम-फोर मोटरवेवर ताई गात होती. आई पण. मी काच खाली केली, वाऱ्यात गाणं ऐकू येऊ नये म्हणून.

पेनी: 'टी?' मी: 'येस.'

९ जून, सोमवार

आईला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

"मग? माझं कुठं प्रेम होतं तुझ्या बाबांवर? कांदेपोहे खाल्ले, मी यांचे बूट बघितले, यांनी माझी मान बघितली. झालं की."

"पण बाबांनी तुला प्रेम आहे असं सांगितलं नव्हतं ना. याने सांगितलंय. गुडघ्यावर बसून."

हात थांबला. मग परत सुरू.

"माझ्या बहिणीची पोर आहे ती. किती वर्षांनी हसतेय. तू तोंड उघडलंस तर याद राख सायली."

"पण आई..."

"आणि तू एक नंबरची खोटारडी आहेस. हे पण त्यातलंच नसेल कशावरून?"

वर गेले. ताई बेडवर पाय वर करून व्हिडिओ बघत होती, मला म्हणाली ये ना, जागा केली. गेले. तिच्या केसांना माझ्याच शाम्पूचा वास.

१२ जून, गुरुवार

ईलिंगला ब्लाउजच्या फिटिंगला. ताईच्या. टेलरबाई टाचण्या लावतायत, ताई आरशात, एवढी सुंदर दिसत होती की मी तिथेच बोलणार होते आणि नाही बोलले. बसमध्ये बोलले. वरच्या मजल्यावर, पुढची सीट. सगळं. तांब्या, कारलं, चड्डीसकट.

आधी हसली. मग थांबली. मग तिने जे विचारलं ते मला अजून

"ही पद्धत आपल्यात आहे?"

"नाही."

"मग कोणी बनवली?"

"मी."

"पाणी कडू कोणी केलं?"

"मी. पण ताई, उत्तर..."

"सायू, सगळं तू बनवलंस. फक्त उत्तर तेवढं खरं?"

साखरपुड्यात अंगठीच्या डबीत साबुदाणा भरणारी मीच. तिच्या बॉसच्या आवाजात तिला फोन करणारी मीच. तिच्या जागी मी असते तरी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

"मला आई नाही," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "एकच गोष्ट माझी माझी झालीय. तिची पण गंमत केलीस."

एक स्टॉप आधी उतरली. मागून हाक मारली, वळली नाही.

१४ जून, शनिवार

ताईने पेनीला सांगितलंय की चहाबिहा सगळं थोतांड, सायलीचे चाळे. पेनीचा मेसेज: 'हाऊ व्हेरी फनी.' त्यानंतर काही नाही. आज चहाच्या वेळी मी फोन हातात घेऊन बसले होते.

ताई बोलत नाही. म्हणजे बोलते, 'चार्जर कुठंय' इतकंच.

१५ जून, रविवार

ह्यूगोने स्वतःच फोन केला. मी ब्रेकवर, डस्टबिनच्या मागे.

"तो तांब्या पण खोटा होता का?"

"हो."

"माहीत असतं तर मी खोटं बोललो असतो."

"माहितीये. म्हणून आता तिला खरं सांग. मी सांगून बघितलं. तिला वाटतं मी बनवलं."

"सायली, छप्पर अर्धं उघडलंय. वर नुसती ताडपत्री आहे."

राग यायला हवा होता. आला पण. मी म्हटलं, तुझ्या छपराखाली ताई आयुष्यभर राहणार आहे, तिला वर बघून कळायला हवं की ते कशाचं आहे. हे इंग्लिशमध्ये नीट जमलं नाही, शिव्याच जास्त आल्या. तो म्हणाला, "ती इतकी आनंदात आहे. मला भीती वाटते." मी म्हटलं, मला पण. फोन कुणी ठेवला आठवत नाही.

वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

२१ जून, शनिवार

काका आले. मीच आणायला गेले टर्मिनलवर, स्टाफ पासचा तेवढाच उपयोग. ट्रॉली ढकलता ढकलता सांगायचा प्रयत्न. म्हटलं, काका, ह्यूगोचं प्रेम नसेल तर?

काका जोरात हसले, लोक बघायला लागले. "अगं, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पोरी बोटीत बसून येऊन हेच करायच्या. बापाचा पैसा, यांचं नाव. मी वाचलंय सगळं. मोठमोठी घरं तरली त्यांच्यावर."

"आणि पोरी?"

"काय पोरी?"

"पोरी तरल्या का?"

काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मग गाडीत पट्टा लावताना म्हणाले, "मेघाला हवाय तो. मी विचारलंय तिला तीनदा. मला एवढंच कळतं सायली." आवाज वेगळा होता. पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

आता कुणीच उरलं नाही सांगायला.

२५ जून, बुधवार

मेंदी. आमच्या फ्रंट रूममध्ये बायकाच बायका. सगळ्या मला, "काय गं, यंदा काय वाह्यातपणा?" मी जोक मारले. जमले पण. मेंदीवालीने ताईच्या हातात ह्यूगोचं नाव लपवलं. ताईने मला तळवा दाखवला, "शोध." तेरा दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली. मला लगेच सापडलं. म्हटलं, नाही सापडत.

ती हसली म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२७ जून, शुक्रवार. विल्टशर

आपल्या पद्धतीने लग्न लागलं. लॉनवर मांडव, होमाशेजारी लाल सिलिंडर घेऊन उभा असलेला फायरवाला. कायद्याने मात्र लग्न उद्या, गावातल्या चर्चमध्ये. आजचं कायद्याला चालत नाही म्हणे. मी दिवसभर तेवढंच धरून बसले होते. उद्यापर्यंत वेळ आहे. उद्यापर्यंत वेळ आहे.

कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. ताईला भाऊ नाही. गुरुजींनी विचारलं कोण येतंय, आई म्हणाली, "सायली."

पेनी पहिल्या रांगेतून, "इज धिस वन ऑफ युअर्स, डार्लिंग?" सगळा मांडव हसला. गुरुजींना इंग्लिशमध्ये सांगावं लागलं की नाही मॅडम, ही खरी आहे.

धरला कान. लोक टाळ्या वाजवतायत. पिळला. सोडला नाही. अजून पिळला. त्याचा कान लाल, मग जांभळा. फोटोवाला ओरडतोय, लव्हली, होल्ड दॅट! मी वाकून म्हटलं, उद्या चर्चच्या आधी. तू सांगायचंस. माझ्यावर नाही विश्वास तिचा, तुझ्यावर आहे.

"पुरे गं पोरी," गुरुजी, "होम विझेल."

ताई माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

"सांगतो," ह्यूगो म्हणाला. मग सोडला.

त्याने ठरल्याप्रमाणे भेट दिली. घड्याळ. डबी उघडली नाही मी.

२८ जून, शनिवार

सकाळ. पटापट लिहितेय.

नाश्त्याआधी खिडकीतून दिसले दोघं. ताई नाइटगाउनवर कुणाचा तरी रेनकोट, पायात पेनीचे गमबूट. ओल्या गवतातून पार कुंपणापर्यंत गेले. तो बोलत होता. हात खिशात, मग बाहेर, मग खिशात. ताई उभी. मग ताई खाली बसली, तशीच ओल्यात. तो बसला नाही. मग बसला. मला इथून फक्त पाठी दिसत होत्या, आणि कुत्रा दोघांभोवती उड्या मारतोय, मूर्ख.

आई मागून, "काय बघतेयस?" सरकले बाजूला. तिने पण बघितलं. माझा दंड धरून उभी राहिली, दुखेपर्यंत.

ताई एकटी वर आली. गाउन घातला. पांढऱ्या बाहीतून हिरवा चुडा. आरशासमोर बसली, आईने केस विंचरायला घेतले तर म्हणाली, "मावशी, सायूला करू दे."

आई बाहेर गेली. दार लावून.

"सांगितलं त्याने?"

"हो."

"ताई..."

"रडू नकोस. पिना दे."

दिल्या. एक लावली. दुसरी लावताना तिने माझा हात धरला. तिचा हात गार, नखांत चिखल.

"मी त्याला विचारलं, मग आता काय वाटतं? तर म्हणाला, आज सकाळी पहिल्यांदा तुझ्याशी खरं बोललो, छान वाटतंय." हसायला लागली. मग हसणं नव्हतं ते. "छान वाटतंय म्हणे त्याला, सायू."

"गाडी काढू का? बाबांची किल्ली माझ्याकडे आहे. खरंच. हे चेष्टेत नाही."

"माहितीये चेष्टेत नाही."

एवढंच म्हणाली. हो पण नाही, नाही पण नाही.

चर्चच्या घंटा सुरू झाल्यात. खाली काका कोट घालून उभे, दोनदा हाक मारून झाली. तिने मला सांगितलं पाच मिनिटं कुणाला येऊ देऊ नको, म्हणून मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेय आणि हे लिहितेय. किल्ली मी ड्रेसिंग टेबलवर ठेवलीय, तिच्या डोक्यावर घालायच्या जाळीच्या वेलच्या शेजारी. ती दोन्हीकडे बघतेय. अजून हात कशालाच लावला नाही