मक्याच्या बांधावरचं गाणं

इंदिरानगर, नाशिक
१६ जानेवारी

तीर्थस्वरूप सौ. साळूताईस,

धाकट्या खंडेरावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. म्हणजे आज विनंतीच विशेष आहे: रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचावं.

तुझा गाण्याचा डबा दुरुस्तीला नेतो म्हणून मी संक्रांतीला उचलून आणला. तो दुरुस्त होणार नाही, कारण तो बिघडलेलाच नव्हता. बिघाड आतल्या कार्डात होता. स्टँडजवळच्या दुकानातून भरून घेतलेली ती हजारो गाणी, आणि प्रत्येकाच्या मध्यावर दुकानदार आपलं नाव नि फोन नंबर ओरडतो. गणपतीच्या आरतीतसुद्धा. ताई, ती सगळी गाणी चोरीची. मी इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो, अस्तेय म्हणजे दुसऱ्याचं न घेणं हे पोरांकडून घोकून घेतो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या मळ्यात सकाळपासून दिवे लागेपर्यंत चोरीचा माल वाजतो. रुद्र म्हणाला, बाबा, आत्याला पोलीस धरणार नाहीत. मुलांना पोलीस आणि पाप यांतला फरक कॉलेजात शिकवत नाहीत असं दिसतं.

म्हणून सोबत नवं यंत्र पाठवतो आहे. तळहातात मावेल एवढं, त्याला जोडायचा गोल स्पीकर, आणि कानात घालायची बोंडं. रुद्रने एका संगीतसेवेचं वर्षभराचं सभासदत्व घेऊन, पैसे भरून, पाचशे गाणी त्यात रीतसर उतरवली आहेत. मळ्यात नेट नसलं तरी वाजतात. बोंडं कानात घातलीस तर तुझी गाणी तुला ऐकू येतील आणि कांदे शांतपणे वाढतील. इतक्या मोठ्याने तू ती कुणासाठी लावतेस हे मला कधी कळलं नाही. कांद्याला कान नसतात.

जुना डबा भंगारवाल्याला दिला. अंजली म्हणते, आधी विचारायला हवं होतं. बायका नेहमी असं नंतर म्हणतात.

दाजींचा दम कसा आहे? तुझी माया त्या डब्यासारखी आहेच, आदळली तरी वाजणारी. ती तशीच राहो.

तुझा
खंडू

*

देवळा
२८ जानेवारी

चि. खंडू यास साळूताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं यंत्र पोचलं. खोटं कशाला बोलू, आवाज लय गोड हाय. मधे कुणी ओरडत नाय. झुंबरबाई म्हणते तेच गाणं लागतं, नाहीतर तो डबा आपल्या मनाचा राजा होता. आता बायांची भांडणं मात्र वाढली. एकीला लग्नाची गाणी पाहिजेत, एकीला देवीची. झुंबरबाई निंदणाऱ्या टोळीची मुकादम, ती म्हणेल ते पहिलं.

कानातली बोंडं मात्र कणगीवरच्या बरणीत ठेवली. मळ्यात कान उघडे लागतात.

खंडू, तू विचारलंस म्हणून सांगते. शेजारच्या केरूच्या मक्यात बिबट्या हाय. दिवाळीपासून आपलं कुत्रं नाय. तुला मी सांगितलं ते कुठंतरी गेलं, ते तिकडंच गेलं. कुसाबाईच्या दोन शेळ्या गेल्या. वनखात्याची माणसं आली, पायाचे ठसे पाहिले आणि सांगून गेली, की एकट्यानं जाऊ नका, बोलत राहा, गाणी मोठ्यानं लावा, आवाज असला की तो अंगावर येत नाय. तर कुणासाठी लावते ते कळलं का? त्याच्यासाठी लावते.

तुला कळवलं नाय, कारण तू मला इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं असतंस आणि कुंडीतली तुळस दाखवली असतीस. कांदा लावून महिना होत आला. गवत असं माजलंय की पात दिसत नाय. हे पंधरा दिवस निंदलं नाय तर सगळा वावर गवताच्या घशात. मका केरूचा, दाणा भरायचा हाय, तो कसा कापील? मी तरी कापला असता का? पिंजरा मागितलाय, पण पिंजरे थोडे आणि मागणारी गावं जास्त.

तू यायचं नाय. शाळा सोडून आलास तर मी बोलणार नाय. अंजलीला सांग, तिळाचे लाडू कडक झाले होते, पण दाजींनी भिजवून खाल्ले.

तुझ्यावर जीव असलेली,
साळूताई

*

इंदिरानगर, नाशिक
२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र हातात घेऊन बसलो आणि समोरचा चहा तसाच राहिला. अंजलीने विचारलं काय झालं, तर लाडू कडक होते एवढंच सांगितलं. ती रागावून आत गेली. ते बरंच झालं, कारण मला दुसरं काही नीट बोलता आलं नसतं.

कुत्रं गेलं हे तू दिवाळीपासून पोटात ठेवलंस. मी संक्रांतीला त्याच बांधावर उभा राहून तुला चोरीवर व्याख्यान दिलं, मका माझ्या पाठीमागे होता, आणि तू हसत हुरडा भाजत होतीस. तुला काय म्हणावं यासाठी माझ्याकडे दोन भाषा आहेत आणि दोन्हीत शब्द नाही.

मी इथल्या वनखात्यात फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, उभ्या माणसाला तो टाळतो. खाली वाकून बसलेल्याला जनावर समजतो. निंदणी म्हणजे दिवसभर वाकूनच बसणं. मक्याकडेचे वाफे सोडून दे. कांदा गेला तर गेला. हे लिहिताना मला माहीत आहे, की तू हे वाक्य मोठ्याने वाचून बायांना हसवशील.

एका गोष्टीवर मी मन थोपवून धरलं आहे: माझं यंत्र वाजतं आहे. ते रोज रात्री न चुकता चार्ज कर. बॅटरी अर्धी झाली तरी घरी ये. एक दिवसही त्याशिवाय वावरात जाऊ नकोस. डबा मी भंगारात घातला तेव्हा तो काय काम करत होता हे मला माहीत नव्हतं. आता त्याचं काम या यंत्रावर आहे, म्हणजे एका अर्थी माझ्यावर.

फोन केला की वाजून वाजून बंद होतो. तो जवळ ठेवत जा, एवढं तरी ऐक. बाकी ओरडायचं ते समक्ष ओरडेन, तोवर लोभ राहू दे.

तुझा
खंडेराव

*

देवळा
१६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस, सूनबाई निकिताचा पदर धरून नमस्कार.

मामा, काल तुमचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. आई खाटेवर होत्या, माझ्याकडे बघत होत्या, आणि खंडूला कळता कामा नये अशी त्यांनी मला शपथ घातली होती. बोलायचं नाही अशी शपथ होती. लिहायचं नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारी बाया मक्याकडेच्या वाफ्यांत होत्या. आई सगळ्यांत शेवटच्या सरीत, कारण तिथे दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. स्पीकर बाभळीला टांगलेला. गाणं चालू होतं आणि मधेच थांबलं. बायांना वाटलं बॅटरी गेली. झुंबरबाईंनी उठून पाहिलं तर बॅटरी भरलेली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं. दुसरं गाणं लावलं, तेच आलं. तिसरं लावलं, तेच. सगळ्या यंत्राभोवती जमल्या आणि कोणतं बटण दाबायचं यावर बोलू लागल्या. आई एकट्याच सरीत राहिल्या, म्हणाल्या, तुम्ही बघा, माझा एवढा तुकडा होतोय.

तो मक्यातून आला ते कुणी पाहिलं नाही. झुंबरबाई म्हणतात, आधी आवाजच आला नाही, आईंचं खुरपं उडालेलं दिसलं. मग बाया धावल्या, घमेली बडवत, ढेकळं मारत. तो मक्यात परत गेला. उजव्या खांद्यावर आणि पाठीवर नख्या खोल गेल्या आहेत. मान वाचली, डोक्याला पदराचे फेर होते म्हणून. टाके घातले, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, जखम चिघळली नाही तर हात राहील.

संध्याकाळी मी पडद्यावरचं वाचलं. सभासदत्वाची खात्री करण्यासाठी इंटरनेटला जोडा, असं होतं. घरी आणून माझ्या मोबाइलच्या नेटला जोडलं तर लगेच वाजायला लागलं. आईंनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तुम्हाला हे कळू नये म्हणून त्यांचा जीव खालीवर होतो आहे, खांद्यासाठी नाही.

मामा, अजून एक. निम्मे वाफे तसेच आहेत. बाया यायला तयार नाहीत. झुंबरबाईंनी स्पष्ट सांगितलं, तोंड मिटणाऱ्या पेटीच्या भरवशावर आता कुणी बसणार नाही. जितंजागतं माणूस बांधावर उभं राहून दिवसभर बोलणार असेल तर येऊ. बाबांना दोन वाक्यांत दम लागतो. हे देवळाली कॅम्पात, सुट्टी नाही. माझं बाळ अंगावर पितं आहे. आई म्हणतात, टाके निघाले की मीच जाते. त्या जातील, मामा.

माझी चूक पोटात घाला, आणि शपथ मोडली हे आईंना सांगू नका.

निकिता

*

इंदिरानगर, नाशिक
१९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. तू बरी आहेस हे ऐकून आहे, म्हणून तब्येत विचारत नाही.

रुद्रला विचारलं, की पैसे भरून घेतलेली गाणी महिन्याने मुकी का होतात. तो म्हणाला, बाबा, ती घेतलेली नसतात, वाजवायला दिलेली असतात; महिन्यातून एकदा मालकाला तोंड दाखवावं लागतं. हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, नेट कुठे नसतं. मलाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या घरात ते भिंतीतून येतं.

चोरीची गाणी वाईटच, हे मी अजूनही म्हणतो. पण ती मिळाली की आपल्या बांधावर राहायची, आणि ही रीतसर गाणी भाडेकरूसारखी निघाली. रुद्रने रीतसर, कायमची विकत घेतलेली गाणी नवीन कार्डात भरायची तयारी केली आहे. ते करीलच. पण झुंबरबाईंना यंत्र नको आहे असं माझ्या कानावर आलं. कुठून आलं ते विचारू नकोस. मीही तुला काही विचारलेलं नाही.

त्यांना दिवसभर न थांबता बोलणारं माणूस हवं आहे. अशा कामाचा मला मोठा अनुभव आहे. पंचेचाळीस मुलं ऐकत नसतानाही बोलत राहायचं, हेच मी करत आलो. मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. त्या म्हणाल्या, परीक्षा जवळ आल्या आहेत. मी म्हणालो, माझीही.

शनिवारच्या पहिल्या बसने येतो. मला नेट लागत नाही, दोनदा चहा लागतो. तू खाटेवरून उठायचं नाहीस. हे मी लहान भाऊ म्हणून सांगत नाही.

दार उघडं ठेव.

तुझा
खंडू

*

देवळा
२७ फेब्रुवारी

चि. सौ. अंजलीस साळूताईचे आशीर्वाद. अक्षर वाकडं हाय, समजून घे. हात अजून एवढाच वर होतो.

तुझा माणूस ठीक हाय. सकाळी बायांबरोबर वावरात जातो, टोपी घालून मक्याच्या बांधावर उभा राहतो आणि संस्कृत सुरू करतो. शब्द चालवतो, श्लोक म्हणतो, श्लोक संपले की शब्द पुन्हा. पहिल्या दिवशी बाया मला विचारायला आल्या, मास्तर कुणाला शिव्या देतात? दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं त्याला दरडावलं, अर्थ सांगा, नुसतं ओरडू नका. आता अर्थही सांगतो.

मी खाटेवर नाय. तो रागावला, पण बोलणं तोडून माझ्याशी भांडता येत नाय त्याला, थांबला की बाया उठतात. म्हणून मी डाव्या हातानं निंदते. बाकीच्यांच्या मधोमध बसते, तेवढं त्याचं ऐकलं.

काल दुपारी मका हलला. वारा नव्हता. सगळ्या बाया उभ्या राहिल्या, मला उठताच येईना. खंडू थांबला नाय. आवाज बसलाय त्याचा, तरी चढवला, आणि म्हणत म्हणतच वाफ्यातून चालत जाऊन माझ्या आणि मक्याच्या मधे उभा राहिला. हातात काठी नाय, काय नाय. आवाज एकदाही कापला नाय. असा किती वेळ गेला देव जाणे. मग मका स्थिर झाला. बिबट्या गेला की तिथंच बसला, कुणाला सांगता येणार नाय. खंडूनं मान न वळवता, त्याच चालीत, मराठीत म्हटलं, बसा बायांनो, मी आहे. झुंबरबाई पहिली बसली.

पिंजरा अजून आला नाय. घसा फार बसलाय त्याचा, पण औषध घे म्हटलं तर ऐकत नाय.

सहा वाफे राहिलेत. तेवढे झाले की पाठवते.

तुझी नणंद,
साळू