फटफटीचे कागद

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता पोलिसांनी मला विचारलं, "तुमच्या बापानं ती फटफटी कुठून आणली होती?"

धाकट्याचं गॅरेज बंद पडलं. एका दलालानं परदेशातलं हौशी गिऱ्हाईक आणलं, त्याला इंग्रजांच्या वेळची गाडीच पाहिजे होती. पण मालकीच्या कागदाशिवाय गाडी देशाबाहेर जात नाही. तिचा नंबर हैदराबाद संस्थानातला, इथल्या आरटीओत नोंद सापडेना. मग दलालानं गाडी खोलायला लावली आणि पेट्यांवर ‘जुने सुटे भाग’ असं लिहिलं. मी म्हटलं, "अरे, हे खरं नाय." धाकटा हसला, "आक्का, खोलल्यावर सुटे भागच की!" बंदरावर पेट्या उघडल्या, आणि त्या दिवसापासून तुमची गाडी चोरीची झाली. धाकट्याला रोज चौकीत बसवून ठेवायला लागले.

मला ती वेगळीच दिसते. टाकीवर मी बसलेय, तुमचे हात माझ्या दोन्ही बाजूंनी. खुलताबादच्या मिस्त्रीकडून परत निघालोय. घाटाचा उतार लागला की तुम्ही इंजिन बंद करता. "उतार फुकट हाय, पेट्रोल नाय." मग आवाज नसतो, नुसता वारा. काटकसर मी तिथंच शिकले असेन.

कागदांचा माग काढत त्याच मिस्त्रींकडं मागच्या आठवड्यात गेले. त्यांना आता फारसं दिसत नाही, आवाजावरून ओळखलं. "कागदां? बेटी, कागदां तो तेरे अब्बा पोथी के कपडे में रखते थे. बोले, भगवान के पास कोन हात लगाता." मी तिथंच पायरीवर बसले.

कारण पोथीला हात लावायची शिक्षा मला ठाऊक होती. लहानपणी मोरपीस घ्यायला मी बासनाची गाठ सोडली होती. तुम्ही जेवायला बसला होता, तिथूनच म्हणालात, "सोडलंस ना? आता अध्याय वाच. पोथी उघडली की वाचल्याबिगर मिटायची नसती." मी अडखळत वाचत राहिले, चुलीपुढं माझी भाकरी गार झाली. आईनंही वाढलं नाही. पुढं आपल्या घरात ती गाठ तुमच्याशिवाय कुणी सोडली नाही. तुम्ही गेल्यावर पोथीला कसर लागली. जीर्ण पोथी उकिरड्यावर टाकत नाहीत, म्हणून आम्ही पैठणला जाऊन गंगेत सोडली. आईनं बासनाला बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं. गाठ सोडली असती तर अध्याय वाचावा लागला असता, आणि पानांचा भुगा तर बासनाबाहेर गळत होता. म्हणून तशीच सोडली, अण्णा. तुमच्या कागदांसकट.

हे सगळं मी चौकीतल्या साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. डोकं खाजवून म्हणाले, "मावशी, मग काय गोदावरीला समन्स काढू?" शिपाई हसले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी तुमच्या घरची नव्हतीच, भावानं ती भंगारात घेतली, असं लिहून द्या. चोरीचं बालंट जाईल." म्हणजे तुम्ही मेहनतीच्या पगारातून घेतलेली गाडी कुणाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकीत गेले, तर बाहेर बाकावर धाकटा बसला होता. दाढी वाढलेली, चपलेचा अंगठा तुटलेला. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "आक्का, अण्णा गेले. मी जिता हाय."

मी लिहून दिलं. मॅट्रिकच्या वळणदार अक्षरात: माझ्या वडिलांकडे कधीही मोटारसायकल नव्हती. साहेब म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं. गाडी तिकडं सरकारजमा होईल म्हणतात. धाकटा घरी आलाय, जेवतो आणि उठून जातो.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचंही नाही. एकच सांगते. धाकटा बाकावर जे बोलला, त्यानं माझं मन वळलं असं मी घरात सगळ्यांना सांगितलंय. पण त्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून रोजच्यासारखं देवासमोर न बसताच निघाले होते. काय लिहायचं ते घरूनच ठरलं होतं, अण्णा.